ताईच्या नावाची झोप

प्रसूती केंद्रातल्या सिस्टरांनी माझ्या डाव्या हातात कडं चढवलं, खटका दाबला, समोरचा पडदा वाचला आणि वळून माझ्याकडे बघितलं.

“काय झालं?” मी विचारलं.

“काही नाही हो मॅडम. यंत्र खुळ्यासारखं करतंय.” भोईटे सिस्टरांनी पडदा स्वतःकडे वळवला. पण मी शाळेत शिकवते, पोरांनी बाकाखाली लपवलेल्या चिठ्ठ्या वाचायची सवय आहे मला. पडद्यावरचं मी आधीच वाचलं होतं. ‘हा हात पूर्वी नोंदलेला आहे. ईश्वरी हृषिकेश रासने. वय सव्वीस. बाळंतीण. मयत.’

माझ्या शेजारी आई बसली होती, मांडीवर पर्स घट्ट धरून. तिला चष्म्याशिवाय वाचता येत नाही आणि चष्मा पर्समध्ये होता. तरी तिला कळलं. तिने माझ्याकडे बघितलं नाही.

“बिघडलंच आसंल,” ती सिस्टरांना म्हणाली. “सरकारी वस्तू ती.”

“तसंच दिसतंय. थांबा, दुसरं आणते.” सिस्टर आत गेल्या.

यंत्र बिघडलेलं नव्हतं. आमच्या घरात दहा वर्षांत जे कुणी बोललं नाही, ते त्याने पहिल्याच दमात सांगून टाकलं होतं.

कड्याबद्दल आधी सांगते, म्हणजे पुढचं समजेल. मी आठवी-नववीला विज्ञान शिकवते, त्यामुळे थोडक्यात सांगायला जमतं.

बाई गरोदर असते तेव्हा तिच्या रक्तात काही संप्रेरकं नेहमीच्या कितीतरी पट वाढलेली असतात. बाळ आणि वार बाहेर आले की दोन-तीन दिवसांत ती धाडकन खाली येतात. सगळ्याच बायकांची येतात. बहुतेक जणी त्या दिवसांत थोड्या रडतात, चिडतात आणि सावरतात. पण हजारातल्या एक-दोघींच्या मेंदूला ही घसरण सोसत नाही. आधी झोप जाते. झोप जाते आणि थकवाही येत नाही, हे महत्त्वाचं. बाई उलट तरतरीत दिसते, भराभर बोलते, घर आवरायला काढते. मग चार-सहा दिवसांत तिला नाही ते ऐकू यायला लागतं, नाही ते पटायला लागतं. जुनी माणसं म्हणायची, बाहेरचं लागलं. हा आजार आहे, तातडीचा आहे, आणि औषधाने बरा होतो. हे शेवटचं वाक्य मी फळ्यावर लिहून त्याखाली दोन रेघा ओढीन. वेळेत धरला तर बाई काही आठवड्यांत पहिल्यासारखी होते.

अडचण वेळेत धरण्याचीच होती. म्हणून दोन गोष्टी निघाल्या. एक, सातव्या महिन्यात रक्ताची तपासणी. कुणाचा मेंदू त्या घसरणीला कच्चा आहे ते तिच्यातून कळतं. दुसरी, बाळंतपणानंतर सव्वा महिना हातात घालायचं कडं. झोप, नाडी, कातडीची ऊब, बोलण्याचा वेग, सगळं ते मोजतं, आणि घरच्यांना काही दिसायच्या दोन दिवस आधी पिवळं, मग लाल होतं. पहिली कडी म्हणे काळी काढली होती. बाळंतिणीच्या हातात काळं कोण घालू देणार? वर्षभर पेट्या तशाच पडून राहिल्या. मग कुणाला तरी अक्कल सुचली आणि कडं हिरवं झालं, चुड्यात मिसळून जाईल असं.

ते बांगडीसारखं चढवायचं, खटका दाबला की मनगटाला आवळून बसायचं आणि केंद्रातच सुटायचं. अर्ध्या मिनिटाच्या वर कातडीपासून दूर राहिलं की बोंब मारायचं. हात कुणाचा ते नाडीवरून ओळखायचं, कारण नाडीची लकब सहीसारखी ज्याची त्याची असते. बाळंतपणानंतर मात्र नाडी बदलते, म्हणून पहिले तीन दिवस ते नव्याने ओळख करून घ्यायचं. बनवणाऱ्यांनी पुष्कळ विचार केला होता. त्यांनी फक्त कासारीण बघितली नव्हती.

आमचं कराडच्या पेठेत बांगड्यांचं दुकान. आई वयाच्या विसाव्या वर्षापासून बायकांना बांगड्या भरते. गिऱ्हाइकाचा हात हातात घ्यायचा, अंगठ्याच्या बुडाशी दोन बोटांनी दाबायचं, डोळे क्षणभर मिटायचे आणि माप सांगायचं. दोन-चार, दोन-सहा, कधी चुकली नाही. मग अंगठा आत दुमडून, बोटं एकत्र आवळून अशी काही कळ दाबते की जाड हाताच्या बाईलाही कळत नाही बांगडी कधी आत गेली. काढतानाही तसंच. आईने काढलेली काच फुटलेली मी पाहिली नाही.

ईश्वरी माझी थोरली बहीण. पुण्यात एका कंपनीत इमारतींचे नकाशे काढायची. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सातव्यात ती कराडला आली आणि ह्याच केंद्रात तिचं नाव नोंदवलं. मी तेव्हा सतरा वर्षांची. समुपदेशक बाईंनी विचारलं, माहेरी कुणाला बाळंतपणानंतर मानसिक त्रास झाला होता का?

“कुणालाच न्हाई,” आई म्हणाली.

फॉर्मवर आणखी एक प्रश्न होता. तपासणीचा निकाल कुणाला सांगायचा, स्वतःला की नातेवाइकांना? ताई पेन उचलत होती, तेवढ्यात आईनेच ‘नातेवाइकांना’ ह्यावर खूण केली. दोन जिवांच्या बाईपुढे वाईट बोलू नये, एवढं आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. समुपदेशक बाईंनीही मान डोलावली. निकाल लाल, म्हणजे धोक्याचा, आला. तो आईने पदराआड वाचला आणि ताईला सांगितलं, सगळं छान आहे. ताईने विचारलं की मग कडं कशासाठी? आई म्हणाली, बाळंतिणीची ताकद मोजत्यात.

म्हणजे ज्या बाईच्या डोक्यावर हे येऊ घातलं होतं, तिला एकटीलाच ते माहीत नव्हतं. आपल्याला असा आजार होऊ शकतो, झोप गेली तर ती त्याची खूण आहे, हे तिच्या कानावर कुणी घातलंच नाही. आम्ही ह्याला जपणं म्हणत होतो.

ताईला मुलगी झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी, दवाखान्यातच, कडं पिवळं झालं. कड्याचा रंग नवऱ्याच्या फोनवर जायचा, तसा नियम होता. तासाभरात ताईच्या सासूबाईंचा फोन.

“विहीणबाई, पिवळं दिसतंय म्हणे. काय भानगड आहे? आमच्याकडे असलं काही नाही हं कुणात.”

“जागरण झालंय पोरीला, दुसरं काय,” आई म्हणाली. पण फोन ठेवून तिने ताईच्या कड्यावर चादर ओढली. आमच्या आळीतली सावंतांची सून दोन वर्षांपूर्वी लाल आली होती. ती तीन आठवड्यांत बरी झाली, अगदी ठणठणीत. पण सासरच्यांनी तिला परत नेली नाही आणि पोरगं ठेवून घेतलं. ती रोज आमच्या दुकानावरून भाजीला जायची. आई तिला बघून आत वळायची.

तिसऱ्या दिवशी ताई घरी आली. दुपारी आईने तिला तेल लावायला घेतलं. डोक्यावर तेल थापून डोळ्यांवर ओलं फडकं ठेवलं आणि मला हाक मारली. “कातू, हिकडं ये. डावा हात पुढं कर.”

मी हात पुढे केला. आईने ताईच्या तेलकट हाताचा अंगठा दुमडला, एक हलका पीळ दिला आणि कडं माझ्या हातात आलंसुद्धा. मी मनात आकडे मोजत होते. नऊ झाले. दुकानातलं तसलंच हिरवं लाखेचं कडं आईने ताईच्या हातात सरकवलं. ताईने फडक्याखालून विचारलं, “काय करतेस गं?” आई म्हणाली, “बांगड्या मागं सारती, बाळा. तेल लागतंय.”

स्वयंपाकघरात मी आईला गाठलं. तिने हातातलं भांडं खाली ठेवलं आणि जे सांगितलं ते तिने जन्मात कुणाला सांगितलं नव्हतं. “तुज्या वेळंला मला झालं हुतं. दोन म्हैने. मला त्यातलं काय आठवत न्हाई. तुला म्हणं मी हात लावू देत न्हवते कुणाला, आन् मीबी लावत न्हवते. उतरलं आपोआप. कुणी दवाखान्यात नेलं न्हवतं, कुणी कडं घातलं न्हवतं. तुला कुणी कधी सांगितलं? न्हाई ना? झाकलं म्हणून घर ऱ्हायलं, कातू.”

“आणि माझ्या हातातल्या कड्याचं?”

“तू फकस्त झोपायचं. येळंवर आडवं व्हायचं आन् सकाळपातुर उठायचं न्हाई. तिच्यापाशी मी बसती.”

मी नुकतीच बारावीची परीक्षा दिली होती. सहा महिने पाठांतर करून डोळे खड्ड्यात गेले होते. मला आयुष्यात कुणी इतकं सोपं काम सांगितलं नव्हतं. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. मी झोपले. पोटभर, गाढ, ह्या कुशीवरून त्या कुशीवरसुद्धा न वळता झोपले. कडं दुसऱ्याच दिवशी हिरवंगार झालं. हृषिकेशदाजींनी फोनवर अंगठा पाठवला. सासूबाईंनी आईला सांगितलं, उगाच शंका घेतली, मनावर घेऊ नका.

पाचव्या दिवसापासून ताई झोपेना. आधी आम्हाला बरंच वाटलं, कारण ती हसत होती. दुकानातल्या बांगड्यांच्या सगळ्या पेट्या तिने खाली काढल्या आणि रंगांप्रमाणे पुन्हा लावल्या. माझ्याशी इतकी भराभर बोलायची की एका वाक्याचं शेपूट दुसऱ्याच्या तोंडात जायचं. मला म्हणाली, कराडचा नवा नकाशा सुचलाय, नदी गावातून न्यायची. आई रात्रभर तिच्या उशाशी बसायची आणि दिवसभर घर ओढायची. आईचे डोळे लाल झाले होते. कडं हिरवंच होतं.

आठव्या दिवशी सकाळी ताईने मला बाळंतिणीच्या खोलीत बोलावलं आणि दार लोटलं. हातात तिचा फोन होता. रोज सकाळी त्यावर केंद्राचा निरोप यायचा.

“वाच,” ती म्हणाली.

मी वाचलं. ‘काल तुम्ही सात तास चाळीस मिनिटं झोपलात. उत्तम! अशीच काळजी घ्या.’

“कातू, मी झोपत नाहीये गं. चार दिवस. डोळाच लागत नाही. मला खोलीतला पंखा बोललेला ऐकू येतो. मी आईला सांगितलं तर ती म्हणते, झोपतेस की. फोन म्हणतो झोपलीस. मग मी खोटी का फोन खोटा? मला काहीतरी झालंय. तू सायन्सवाली आहेस, तूच सांग, मला काय झालंय?”

तिने विचारलं होतं. आजाराच्या त्या अवस्थेत, मेंदू हातचा निसटत असताना, तिने स्वतःहून नेमका प्रश्न नेमक्या माणसाला विचारला होता. उत्तर माझ्या बाहीखाली होतं. पूर्ण बाह्यांचा ड्रेस मी त्यासाठीच घालत होते.

“झोपतेस गं ताई,” मी म्हणाले. “मी बघते ना.”

तिने माझ्या हातातून फोन परत घेतला. मग हळूच म्हणाली, “असं का? मग ठीक आहे.” त्यानंतर तिने मला काही विचारलं नाही. त्या दुपारी ती पहिल्यांदा म्हणाली की ही मुलगी तिची नाही. दवाखान्यात बदललीय, नखं बघा, आपल्याकडे कुणाची आहेत अशी नखं?

मी आईच्या पायाशी बसले. “आई, दवाखान्यात नेऊ. आत्ता. मी कडं काढून देते.”

“बारसं हू दे,” आई म्हणाली. “चार दिस. विहीण येऊन हसत परत जाऊ दे, मग मीच नेती. देवाशपथ नेती.”

मी ऐकलं. माझ्या हातात कडं होतं, पायात चपला होत्या आणि केंद्र आमच्या घरापासून बारा मिनिटांवर होतं. मी फक्त ऐकलं.

बारशाच्या दिवशी सकाळी मला ऊन तोंडावर आल्यावर जाग आली. घुगऱ्या शिजत होत्या, त्यांचा वास घरभर होता. चुलीजवळ भिंतीला टेकून आई बसल्याबसल्या झोपली होती. तिला झोप लागायला अकरा रात्री लागल्या होत्या. माझ्या उशीवर ताईचा फोन होता, निरोप उघडा. ‘आठ तास दहा मिनिटं. उत्तम!’ त्याच्या शेजारी लाखेच्या कड्याचे दोन तुकडे नीट जुळवून ठेवले होते.

म्हणजे तिला कळलं होतं. कधी कळलं, आदळलं की नखाने खरवडून पाहिलं, ते मला कधीच समजणार नाही. पण ती काय समजली असेल ते मला समजतं. कडं बदललेलं होतं. आई खोटं बोलली, कातू खोटं बोलली. मग बाळ बदललं हेही खरंच.

बाळ नदीच्या घाटाच्या पायऱ्यांवर सापडलं. बारशाच्या नव्या दुपट्यात व्यवस्थित गुंडाळलेलं, सावलीत ठेवलेलं. फुलं विकणाऱ्या एका बाईने उचललं. बाई म्हणाली, पोरीने मला सांगितलं, हिची आई येईल न्यायला, माझी पोर मी शोधून आणते. ताई आम्हाला दुसऱ्या दिवशी मिळाली, संगमाच्या बरीच खाली.

सवाष्ण गेली की तिला हिरवा चुडा भरतात. आमच्या पेठेत कुणाकडे असं झालं की आईलाच बोलावणं यायचं, थंड पडलेल्या हातांत बांगड्या भरणं तिला नवीन नव्हतं. ताईचा चुडा तिने स्वतः भरला. भरताना मला जवळ ओढलं, पदराआड माझ्या हातातलं कडं काढलं आणि चुड्याच्या मधोमध ताईच्या हातात घातलं. तोवर ते माझी नाडी ताईची म्हणून पाठवतच होतं. कागदोपत्री माझी बहीण बुडून गेल्यावर सत्तावीस तास जिवंत होती. पाण्याने कड्यातलं घड्याळ बिघडलं असावं, असा कुणीतरी शेरा मारला आणि प्रकरण मिटवलं.

आधीचे दिवस मात्र लख्ख हिरवे होते. चौकशी समितीने ते आलेख पाहिले. नऊ रात्रींची उत्तम झोप, शांत नाडी. निष्कर्ष निघाला की ईश्वरी रासने हिला कोणताही आजार नव्हता. हृषिकेशदाजी आमच्या ओसरीवर बसून म्हणाले, “म्हणजे तिने शुद्धीवर असताना केलं. पोटच्या पोरीला टाकून गेली.” आई समोर होती, मी समोर होते. आम्ही दोघी फरशीकडे बघत बसलो. ते मुलीला घेऊन गेले. ती आता दहा वर्षांची असेल आणि तिला आईबद्दल काय सांगितलं असेल याचा मी विचार करत नाही, म्हणजे रोज करते.

गोष्ट तिथे संपली असती तर एका घराचं दुःख म्हणून सोडून देता आलं असतं. पण तज्ज्ञ घाबरले. हिरवी बाई असं करू शकते तर पिवळीचा आणि लालचा काय भरवसा? नियम आवळले. आता लाल निकालाच्या बाईचं कडं नुसतं पिवळं झालं तरी तिला जिल्ह्याच्या वेगळ्या वॉर्डात नेतात आणि बाळ काचेपलीकडे ठेवतात. नव्वद दिवस सलग हिरवं असल्याशिवाय हातात देत नाहीत. लोक त्याला काचघर म्हणतात. औषध तेच आहे, पंधरा दिवसांत उतार पडतो, आई आणि बाळ एकत्र ठेवून उपचार होतात हे डॉक्टरांनाही ठाऊक आहे. पण ती काच काढायची हिंमत कुणात नाही. ती काच माझ्या झोपेने बसवली. आणि बाळंतिणीची चांगली झोप कशी असते हे यंत्रांना ज्या नोंदींवरून शिकवतात, त्यांत माझ्या त्या नऊ रात्रीही आहेत.

भोईटे सिस्टर दुसरं कडं घेऊन आल्या. आता ते सातव्यातच घालतात. खटका दाबला आणि पुन्हा तेच आलं. ईश्वरी हृषिकेश रासने. मयत.

“कमाल आहे,” सिस्टर म्हणाल्या.

आई पर्सचा बंद बोटाला गुंडाळत होती. “सिस्टर,” मी म्हणाले, “ईश्वरी माझी बहीण.”

“अगंबाई!” सिस्टरांचा चेहरा उजळला. “मग तेच. सख्ख्या बहिणींच्या नाडीत साम्य असणारच. मी काळजीत पडले होते.”

“तसं नाही. ते कडं तेव्हा—”

“मॅडम, नका.” त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मनापासून ठेवला, हे मला सांगितलंच पाहिजे. “अशा दिवसांत मागचं उकरायचं नसतं. पोटातलं ऐकत असतं सगळं.” दुसऱ्या हाताने त्यांनी पडद्यावर ‘जुनी नोंद पुसा’ दाबलं. ताई गेली. माझं नाव आलं, कार्तिकी चिन्मय तवटे, आणि हिरवा ठिपका.

फॉर्मवर मी ‘स्वतःला’ ह्यावर खूण केली. सिस्टर म्हणाल्या, आईंचं नाव घाला ना, वाईट आलं तर उगाच तुम्हाला त्रास. मी म्हणाले, मलाच सांगा. तीन दिवसांनी मधल्या सुट्टीत, शिक्षकखोलीत डबा खाताना, निकाल फोनवर आला. लाल.

म्हणजे ताईला जे मिळालं नाही ते मला मिळालं. मला माहीत आहे. लक्षणं माहीत आहेत, दिवस माहीत आहेत, औषधाचं नावही माहीत आहे. आणि ह्या माहितीचा मला काडीचा उपयोग नाही. कारण ज्या दिवशी ती लागेल, त्या दिवशी माझं डोकं जागेवर नसेल. तेव्हा फोन दुसऱ्या कुणीतरी करायला हवा.

त्याच संध्याकाळी मी चिन्मयला सगळं सांगितलं. माझा नवरा साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत आहे, समजूतदार माणूस आहे, आवाज चढवत नाही. त्याने सगळं ऐकून घेतलं. ताईचं ऐकताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

“हे आता बाहेर काढायलाच हवं का?” तो म्हणाला. “काचघरात तीन महिने बाळ लांब. अंगावरचं दूध जाईल. माझी आई काय म्हणेल? आणि तुझ्या आईला ह्या वयात चौकशीला उभं करणार का?”

“मी झोपले नाही, भराभर बोलायला लागले, बाळ माझं नाही म्हणाले, तर तू केंद्राला फोन करशील? एवढंच सांग.”

“वेळच येणार नाही.”

“आली तर?”

“कार्तिकी, तू शिकलेली आहेस. तुला सगळं कळतं. तुला कसं होईल?” त्याने माझ्या केसांवरून हात फिरवला. “आणि माहेरी आई आहेतच की.”

मग मी एका कागदावर लिहिलं. मोठ्या अक्षरांत, फळ्यावर लिहिते तसं. ‘मी दोन रात्री झोपले नाही तर मला दवाखान्यात न्या. मी नको म्हणाले तरी न्या. बारसं असलं तरी न्या. तेव्हा मी जे बोलेन त्यावर विश्वास ठेवू नका, हा कागद लिहिला त्या बाईवर ठेवा.’ तो चिन्मयला दिला. त्याने तो न उघडता कपाळाला लावला आणि देवघरात, देवाच्या पाटाखाली ठेवला. त्यावर हळदकुंकू वाहिलं. दुसऱ्या दिवशी मी पाहिलं, घडी तशीच होती.

काल आई मला न्यायला आली. आठवा संपत आलाय. तिने ओटी भरली, चहा घेतला, माझ्याजवळ बसली आणि माझा डावा हात मांडीवर घेतला. दहा वर्षांत ती म्हातारी झालीय. हात मात्र तसेच आहेत, उबदार. तिने अंगठ्याच्या बुडाशी दोन बोटांनी दाबलं आणि डोळे मिटले.

“हात सुजलाय,” ती म्हणाली. “पर निघंल.”

मला हसू आलं की रडू, सांगता येत नाही. “आई, आता कुणाच्या हातात घालणार आहेस?”

“माज्या. मी झोपीन. डाक्टरनं गोळी दिलीया, पडलं की सात तास जाग न्हाई. तुला त्या काचंमागं न्हाई जाऊ द्यायची मी. एक घालवली, दुसरी न्हाई.”

ती हे खरोखर मनापासून बोलत होती. मला वाचवायला आली होती ती.

“आणि तू झोपल्यावर,” मी विचारलं, “माझ्यापाशी जागं कोण बसणार?”

आईने डोळे उघडले नाहीत. ती अंगठ्याच्या बुडाशी दाबत राहिली, एकदा, दोनदा, आणखी एकदा. बाहेरून चिन्मयने हाक मारली की ऊन चढायच्या आत निघा. मी हात ओढून घेतला नाही. माझी बॅग त्याने मघाशीच गाडीत ठेवली होती.